प्रस्थान तहकूब

"उद्या निघतोच बघ," असे जो मनुष्य सायंकाळच्या चहाच्या वेळी, कोणी काही विचारले नसताना, स्वतः होऊन आणि आवाज किंचित चढवून सांगतो, तो उद्या निघत नाही, हे ज्याला ठाऊक नाही त्याने एक तर आयुष्यात कधी बिऱ्हाड केलेले नसावे, किंवा तो स्वतःच हे वाक्य उच्चारणाऱ्यांपैकी असावा. आमच्या मामांविषयी लिहायला बसताना प्रास्ताविकाची आवश्यकता मला म्हणूनच वाटत नाही. ते मामा म्हणजे माझ्या आईचे बंधू नव्हेत. आईच्या मावसबहिणीच्या यजमानांचे ते धाकटे भाऊ, आणि या नात्याला आपल्या समृद्ध भाषेतही शब्द सापडत नसल्यामुळे, अशा सर्व अनिश्चित नातलगांची सोय ज्या पदावर लावतात त्या 'मामा' या पदावर त्यांची फार पूर्वी नेमणूक झालेली होती. तासगावच्या मामलेदार कचेरीत अव्वल कारकून म्हणून ते निवृत्त झाले होते. कचेरीने त्यांना सोडले होते. त्यांनी कचेरीला सोडलेले नव्हते.

२०१० सालच्या शिमग्याच्या आदल्या दिवशी, म्हणजे २७ फेब्रुवारीस, शनिवारी सकाळी आमच्या डोंबिवलीच्या घराची घंटा वाजली आणि दारात मामा उभे राहिले. एका हातात कापडी पिशवी, दुसऱ्या हातात बेदाण्यांची पुडी आणि काखेत ती वळकटी. "दोन दिवसांचं काम आहे," असे त्यांनी उंबऱ्यावरच जाहीर केले. हे काम काय होते हे आम्हांस अखेरपर्यंत कळले नाही. पहिल्या आठवड्यात ते 'चालू' होते, दुसऱ्या आठवड्यात 'विचाराधीन' झाले, आणि पुढे सौ.ने एकदा धीर करून पृच्छा केली तेव्हा "सूनबाई, प्रकरण वर गेलं आहे," असे उत्तर मिळाले. आमची इमारत चार मजल्यांची आणि आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो, एवढाच त्या उत्तराचा अर्थ आम्हांस लागू शकला.

परंतु मला सांगायचे आहे ते त्या वळकटीविषयी. आजच्या मुलांनी ही वस्तू पाहिलेली नसते. आमच्या दहा वर्षांच्या चिरंजीवांना तो गुंडाळलेला गालिचा वाटला. सतरंजी, तिच्यात घोंगडी, घोंगडीत उशी, उशीच्या पोटाशी दोन धोतरे, एक पंचा, एक पंचांग आणि कव्हर निखळलेले मध्य रेल्वेचे वेळापत्रक, असा तो संसार होता आणि त्यावरून एक जाड सुती दोरी दुहेरी फिरवलेली होती. रोज सायंकाळी सातच्या सुमारास, महालक्ष्मी एक्स्प्रेस कल्याणला यायला दोन-अडीच तासांचा अवधी असताना, मामा दिवाणखान्याच्या मध्यभागी (दुसरा भागच नसल्यामुळे) ही वळकटी बांधावयास घेत. सतरंजी पसरायची, जिन्नस मांडायचे, गुडघ्याने दाबत दाबत गुंडाळत न्यायचे, दोरी ओढून पहिला पेच टाकायचा, आणि मग मान न वळवता आज्ञा व्हायची : "अरे, बोट ठेव."

दोरीचा पहिला पेच ढिला पडू नये म्हणून त्यावर दुसऱ्या कोणाचे तरी बोट दाबून धरावे लागते. ते धरले की मामा त्यावर सुरगाठ मारीत आणि बोट चिमटण्याच्या ऐन क्षणी "हं, काढ" म्हणत. निरगाठ ते कधी मारीत नसत. चौतीस वर्षे त्यांनी दप्तराचे रुमाल बांधले होते, आणि जे पुन्हा सोडावयाचे असते त्याला सुरगाठ, जे सोडावयाचे नसते त्याला निरगाठ, हा त्यांचा कचेरीतला दंडक होता. गाठ बसली की वळकटी दाराशी उभी केली जाई, पिशवी तिच्यावर ठेवली जाई, मामा कोट चढवीत, खुर्चीवर बसत, पंचांग उघडीत, आणि साडेसात ते आठ यांच्या दरम्यान केव्हातरी, न्यायाधीशाने खटल्याची पुढील तारीख द्यावी तशा निर्विकार मुद्रेने म्हणत, "आज प्रस्थान तहकूब." मग कोट निघे, दोरीचे टोक एका झटक्यात ओढले जाई, सुरगाठ सुटे आणि सतरंजी आमच्या दिवाणखान्यावर आपला अंमल पुनश्च बसवी.

तहकुबीला कारण असेच. शनिवारी आणि सोमवारी पूर्वेचा दिशाशूल, गुरुवारी दक्षिणेचा. आणि सांगली ही डोंबिवलीहून आग्नेयेकडे असल्यामुळे दोन्ही दिशाशूल तिला लागू, असा मामांचा निर्वाळा होता. आठवड्याचे तीन वार असे एका कलमाने रद्द झाले. मंगळवार हा मुळातच प्रवासाला वर्ज्य. शुक्रवारी पाहुणा घरातून गेल्यास त्याच्या पाठोपाठ लक्ष्मी जाते, आणि आमच्या लक्ष्मीची त्यांना आमच्यापेक्षा अधिक काळजी होती. रविवारी गाडीला गर्दी फार. राहता राहिला बुधवार.

"बुधवार फार चांगला, मामा," सौ. स्वयंपाकघरातून एकदम म्हणाली. इतक्या तत्परतेने ती माझ्या हाकेलाही कधी ओ देत नाही.

"सूनबाई," मामा गंभीरपणे म्हणाले, "जाशील बुधी, तर येशील कधी?"

यावर तिने जे काही म्हटले ते कुकरच्या शिटीत बुडाले, हे आमच्या घराण्याचे भाग्यच म्हणावयाचे.

बोट ठेवण्याचे हे काम प्रथम माझ्याकडे होते. मार्चअखेर जवळ आल्यामुळे मला कचेरीतून यायला नऊ वाजू लागले, तेव्हा ते चिरंजीवांकडे गेले. चिरंजीव खेळायला गेले की सौ.कडे, सौ. पोळ्या करीत असली की तिच्या कणकेच्या बोटाचा ठसा दोरीवर उमटे आणि मामा तो पंच्याने पुसून काढीत. एकदा घरात कोणीच नव्हते, तर मामांनी जिन्यातून जाणाऱ्या कुरियरवाल्या मुलास आत बोलावून त्याचे बोट दोरीवर ठेवले आणि गाठ झाल्यावरच त्याच्या कागदावर सही केली. शेजारच्या आजी, गॅसचा सिलिंडर आणणारा गडी, वर्गणी मागायला आलेले दोन तरुण, या सर्वांची बोटे त्या पंधरवड्यात कामी आली. बोट देताच मनगट धरणारे पाहुणे सौ.ने माहेरी पाहिलेले होते. हा पाहुणा बोटच धरून बसला होता.

दिवसा त्यांचा कारभार निराळा चाले. दुसऱ्याच दिवशी त्यांनी स्वयंपाकघराची पाहणी करून साखर, तूरडाळ आणि तेल यांचा शिल्लक साठा एका वहीच्या पानावर मांडला आणि खाली 'साखरेचा खप संशयास्पद' असा शेरा मारला. संशयित इसम चिरंजीव होते आणि ते फितूरही झाले : मामांनी त्यांना मोडी लिपीत सही करावयास शिकविले आणि त्यांनी ती प्रगतिपुस्तकावर माझ्या नावे करून पाहिली. माझ्या सकाळच्या सात बावन्नच्या लोकलशी स्नानगृहाचा जो नाजूक करार होता तो मामांनी एकतर्फी मोडला. सहा वाजून पाच मिनिटांनी ते आत शिरत, आणि ते बाहेर येईपर्यंत मी दाराबाहेर, ताटकळलेल्या पक्षकारासारखा, टॉवेल खांद्यावर टाकून उभा असे.

'अतिथी' शब्दाचा अर्थ मनूने एका रात्रीपुरता मर्यादित ठेवला आहे. राहणे नित्याचे नाही म्हणून तो अ-तिथी, अशी त्याने फोडही दिली आहे. तैत्तिरीय उपनिषद त्याला देव मानावे असे सांगते ते याच एका रात्रीच्या भरवशावर, असे माझे नम्र मत आहे. आपल्या लोकांना हे पुरते उमगलेले होते; म्हणूनच पहिल्या दिवशी पाहुणा, दुसऱ्या दिवशी पै, आणि तिसऱ्या दिवशी त्याची अक्कल कोठे गेली याची चौकशी, अशी उतरती श्रेणी त्यांनी लावून ठेवली. मामांच्या बाबतीत ही श्रेणी उलटी फिरली. दहाव्या दिवशी इमारतीतील निम्मी माणसे त्यांना 'मामा' म्हणू लागली होती. दुसऱ्या मजल्यावरच्या एका बाईंचे शिधापत्रिकेतील नाव चुकले होते, त्यांची दरखास्त मामांनी लिहून दिली. पाण्याच्या वेळेबद्दल गृहनिर्माण संस्थेच्या चिटणिसांकडे सर्व रहिवाशांचा जो अर्ज गेला, त्यात 'सदरहू जलपुरवठा अपुरा, अनियमित व मनस्तापजनक असून' हे जे वजनदार वाक्य होते ते मामांचे होते, आणि सांगायला संकोच वाटतो, परंतु पाणी तेव्हापासून अर्धा तास अधिक येते.

आणि तरीही, तेराव्या-चौदाव्या दिवशी, आम्हां दोघांना एकमेकांशी चार शब्द बोलायचे तर बाजारात जाऊन भाजीच्या गाडीपाशी उभे राहावे लागे, ही वस्तुस्थिती उरतेच. अशाच एका गवारीच्या सौद्यात सौ.ला ती युक्ती सुचली. अश्विनी धीर यांनी दिग्दर्शित केलेला 'अतिथी तुम कब जाओगे?' हा हिंदी चित्रपट त्याच महिन्याच्या ५ तारखेस प्रदर्शित झाला होता. मुंबईत सुखाने राहणारे एक जोडपे, नवरा चित्रपटांच्या कथा लिहिणारा, आणि त्यांच्या घरी गोरखपूरहून येऊन ठाण मांडणारे लंबोदर चाचा, अशी त्याची कथा. अजय देवगण आणि कोंकणा सेन शर्मा हे जोडपे, आणि चाचा परेश रावल. "मामांना घेऊन जाऊ," सौ. म्हणाली. "तोंडानं बोलायला नको. पडदाच बोलेल."

या युक्तीतला धोका मला तेव्हाच दिसायला हवा होता. जवळपास हेच नाव धारण करणारा एक लेख हिंदीतील प्रख्यात व्यंगकार शरद जोशी यांनी फार पूर्वी लिहिला आहे, आणि तो मी वाचलेला होता. शरद जोशी १९३१ साली उज्जैनला जन्मले आणि १९९१ साली गेले, म्हणजे हा चित्रपट पाहण्याच्या आपत्तीतून ते बचावले. पण त्यांच्या लेखातला यजमान दुसऱ्या दिवशी पाहुण्याला सिनेमा दाखवतो, तो आतिथ्याची परिसीमा झाली आणि आता हा जाणार अशा समजुतीने, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी पाहुणा धोब्याकडे कपडे टाकण्याची इच्छा व्यक्त करतो. सिनेमा दाखवून पाहुणा जात नाही, हे साहित्यात असे सिद्ध झालेले असताना मी १४ मार्चच्या रविवारची, दुपारच्या खेळाची चार तिकिटे काढली.

मामा हसले. चाचा पडद्यावर आले तेव्हापासून ते हसू लागले ते मध्यंतरापर्यंत थांबले नाहीत. चाचांनी घरातल्या मोलकरणीला पळवून लावले तेव्हा त्यांनी माझ्या मांडीवर थाप मारली. नवरा-बायको चाचांना घालवण्याचे बेत करू लागली तेव्हा पुढच्या रांगेतील गृहस्थांच्या खांद्यावर हात ठेवून "आता बघा हं" असा इशारा दिला. मध्यंतरात मक्याच्या लाह्या खाताना ते म्हणाले, "असली माणसं असतात हो. आमच्या कचेरीत एक नाझर होता, मेहुण्याकडे गेला तो पावसाळा काढून आला." सौ.ने माझ्याकडे पाहिले. मी लाह्यांकडे पाहिले. मग मामा १९७० सालच्या राजा ठाकुरांच्या 'मुंबईचा जावई'वर घसरले, ज्यावरून पुढे बासू चटर्जींनी 'पिया का घर' काढला. सांगलीला तो त्यांनी मामींबरोबर पाहिला होता. "त्यात पाहुणा कोणी नव्हता. घरचीच माणसं, आणि जागा नव्हती. नव्या नवरानवरीला बोलायला कोपरा नाही," ते म्हणाले, आणि हातातला लाह्यांचा द्रोण त्यांनी थोडा वेळ तसाच धरून ठेवला. "तुम्ही भाजी आणायला रोज दोघं जाता," एवढे बोलून त्यांनी तो चिरंजीवांकडे दिला.

उत्तरार्धातही ते हसले. पूर्वार्धाइतके हसले की नाही हे मी सांगू शकत नाही, कारण उत्तरार्ध मी पाहिलाच नाही. पडद्याकडे तोंड करून बसलो होतो एवढेच.

त्या सायंकाळी सात वाजता, नित्याप्रमाणे, वळकटी बांधली गेली. रविवार असल्यामुळे मी घरी होतो. "अरे, बोट ठेव." मी ठेवले. मामांनी दोरी फिरवली, पीळ ओढला, "हं, काढ" म्हणाले. मग पंचांग उघडले. दुसऱ्या दिवशी सोमवती अमावास्या, तेव्हा प्रस्थान तहकूब, असे जाहीर झाले. सर्व काही रोजच्यासारखेच होते. रात्री पाणी प्यायला उठलो तेव्हा मामा दिवाणखान्यातल्या उघड्या फरशीवर, चिरंजीवांच्या चित्रकलेच्या चटईवर, कोटाची घडी उशाशी घेऊन निजलेले दिसले. वळकटी दाराशी उभी होती. उकडत असेल म्हणून सतरंजी घेतली नसावी, असे मी स्वतःस समजावले. मार्चमध्ये डोंबिवलीत उकडते खरे.

सोमवारी ती सुटली नाही. मंगळवारी पाडवा होता. मामांनी भल्या पहाटे उठून गुढी उभारली, काठीला रेशमी खण, कडुनिंब, साखरेची गाठी आणि गडू बांधला, आणि खिडकीच्या गजाला काठी आवळताना चिरंजीवांचे बोट घेतले. त्या दोन्ही सायंकाळी सात वाजता घरातील सगळेच काहीसे ताटकळल्यासारखे झाले. चिरंजीव तर दिवाणखान्यात येऊन बोट पुढे करून उभे राहिले. मामा म्हणाले, "बांधलेलीच आहे रे."

तेव्हा मी वाकून ती गाठ पाहिली. निरगाठ होती.

बुधवारी, १७ मार्चला, मी कचेरीतून मुद्दाम लवकर निघून घरी आलो तर मामा कोट चढवून तयार होते. पंचांग पिशवीत गेले होते. सौ. हातातला झारा तसाच धरून बाहेर आली. तिच्या कपाळाला आठी होती आणि ती कोणावर होती हे मला नक्की कळले नाही.

"मामा, आज बुधवार आहे."

"हो."

"बुधवारी निघू नये म्हणता ना तुम्ही? उद्या जा."

"तो नियम पाहुण्याला, सूनबाई," मामा चपला घालीत म्हणाले. "घरच्या माणसाला वार नसतो."

कल्याणच्या फलाटावर आम्ही महालक्ष्मीची वाट पाहात बसलो. वळकटी आमच्या दोघांच्या मध्ये होती. मी उगाच काहीतरी विचारायचे म्हणून विचारले, की तिकडे घरी ही गाठ बांधायला कोण असते. "तिकडे बांधायची कशाला?" मामा म्हणाले. थोड्या वेळाने आपणहून सांगू लागले. मामी होत्या तोवर बदलीच्या गावी जाताना, सुट्टीत, यात्रेला, वळकटी बांधली की बोट मामींचे; आटपाडीला असताना एकदा त्यांनी "हं, काढ" म्हणायला उशीर केला आणि मामींचे बोट दोरीत चिमटले, तर त्या चार दिवस रुसल्या होत्या. त्या गेल्यापासून घरात बसून त्यांनी अनेक प्रकारे करून पाहिले होते. दाराच्या कडीत दोरी अडकवून पाहिली. पाटा ठेवून पाहिला. दातांनी धरून पाहिली, पण दात खालचे दोनच. "एकट्याला येत नाही रे ती गाठ," ते म्हणाले. तक्रारीच्या सुरात नव्हे, सातबाराच्या उताऱ्यावरचे क्षेत्र वाचून दाखवावे तसे. "ढिली पडते."

गाडी आली. मी वळकटी वर चढवून दिली. बाकाखाली सरकवताना मामांनी गाठीला हात लावून पाहिला, पक्की आहे याची खात्री करून घेतली आणि खिडकीतून म्हणाले, "साखरेवर लक्ष ठेव."

घर मोकळे झाले. स्नानगृह सहा वाजून पाच मिनिटांनी माझे झाले, आणि भाजीला दोघांनी जाण्याचे काही कारण उरले नाही. तरी आम्ही जातो, आणि बोलायला काही नसले की मामांविषयी बोलतो, हे केवळ वस्तुस्थिती म्हणून नमूद करतो. आठवडाभराने पोस्टकार्ड आले. अक्षर कचेरीतले, वळणदार, प्रत्येक ओळीला समास सोडलेला.

'अनेक आशीर्वाद विशेष. सुखरूप पोहोचलो. वळकटीची गाठ सुटत नाही, बोटे पूर्वीसारखी चालत नाहीत, सबब तूर्त तशीच ठेविली आहे. सिनेमा चांगला होता. तथापि त्यातील चाचा इसमाने परत जाण्याची तारीख आरंभीच कळविली असती तर पुढील प्रसंग उद्भवला नसता. याकरिता कळविण्यात येते की, मी अक्षय्यतृतीयेस, ता. १६ मे रोजी, येण्याचे करीत असून परतीचे तिकीट ता. १९ चे आगाऊ काढिले आहे. चि. बाळाने बोट तयार ठेवावे. कळावे.'

सौ.ने ते दोनदा वाचले. मग स्वयंपाकघरात जाऊन तिने खिळ्यावरची दिनदर्शिका मे महिन्यापर्यंत उलटली, आणि तिच्याकडे पाहात बराच वेळ उभी राहिली.

"एकोणीसला बुधवार येतो हो," ती म्हणाली.